तापानंतरची पहिली धाव

श्रोतेहो, पावसाळा सरत आला की नंदुरबार जिल्ह्यातल्या सडकांवर पहाटे एक निराळीच वर्दळ सुरू होते. कळसाडी घ्या, नाहीतर सातपुड्याकडचे दुसरे कुठलेही गाव घ्या. उजाडायच्या आत पोरे पळायला निघालेली असतात. कोणाला पोलीस भरतीचे 1600 मीटर मारायचे असतात, कोणाला वनरक्षकाचे 5 किलोमीटर, तर कोणी शाळेतून जिल्ह्याच्या क्रॉसकंट्रीसाठी निवडलेला असतो. आणि मौज अशी, की नेमके हेच दिवस तापाचेही असतात. डबक्यांत पाणी साठलेले, डास माजलेले. दहा पोरांपैकी दोघे-तिघे तरी अंथरुणाला खिळतात. कोणाला हिवताप, कोणाला डेंगी, कोणाला टायफॉइड, कोणाला नुसताच नाव नसलेला ताप.

पाच-सात दिवसांनी अंग गार पडते, आणि पोरगा विचारतो, "उद्यापासून पळू का?"

या प्रश्नाला घरात तीन उत्तरे मिळतात. आई म्हणते, महिनाभर अंगणाबाहेर पाऊल टाकायचे नाही. सोबती म्हणतो, अरे, दोन चकरा मार, घाम निघाला की राहिलेला ताप पळून जाईल. मास्तर बिचारे मध्ये सापडतात. कारण स्पर्धेची तारीख जवळ आलेली असते आणि ती त्यांनीच फळ्यावर लिहिलेली असते.

हा प्रश्न आजचा नाही, बरं का. तो फार जुना आहे, आणि त्याच्या उत्तराला मोठा इतिहास आहे. माणसाने या बाबतीत दोन्ही बाजूंनी चुका केल्या आहेत. कधी आजाऱ्याला गरजेपेक्षा जास्त निजवून ठेवले, तर कधी अर्ध्या तापात पळवले. या दोन टोकांच्या मधली वाट कशी सापडत गेली, ते आज आपण पाहू.

प्रथम आपल्याकडचेच घेऊ. चरकसंहितेत ज्वराच्या चिकित्सेचा मोठा अध्याय आहे. ताप सुटलेल्या माणसाने काय करू नये, ते त्यात सांगितले आहे. व्यायाम करू नये, फार हिंडूफिरू नये, स्नानाचीसुद्धा घाई करू नये. केली, तर गेलेला ताप परत फिरतो, असा इशारा आहे. पण मला त्यात महत्त्वाची वाटते ती मुदत. हे सारे किती दिवस पाळायचे? ग्रंथकाराने सात दिवस किंवा एकवीस दिवस असे सांगितलेले नाही. माणसाच्या अंगात बळ येईपर्यंत, एवढेच म्हटले आहे. म्हणजे मोजायचे ते दिवस नव्हेत, बळ मोजायचे. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचा सारा इतिहास समजायला सोपा जातो.

आता एकदम 1918 सालात येऊ. आपल्याकडे जुनी माणसे त्या सालाला मानमोडीचे साल म्हणत. पहिले महायुद्ध संपत आले होते, आणि मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझाची साथ देशात शिरली. जूनमधली पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरपासूनची दुसरी भयंकर निघाली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे दगावली, आणि त्यांत मोठा भरणा ऐन पंचविशी-तिशीतल्या धडधाकट लोकांचा होता. जे वाचले त्यांच्यातही अनेकांचा अशक्तपणा कित्येक आठवडे हटला नाही. हा ताप उतरल्यावरही माणूस लवकर उभा राहत नाही, हे त्या वेळच्या डॉक्टरांनी जगभर नोंदवून ठेवले आहे. शेतात पेरणी-कापणीला माणूस मिळेना, अशी अवस्था झाली.

आणि त्याच पिढीतून, मानमोडीला पुरते एक वर्षही होत नाही तोच, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर लांब पल्ल्याच्या शर्यती झाल्या. हे 1919 साल. जिमखान्याचे अध्यक्ष होते दोराबजी टाटा. धावायला आलेले बरेचसे खेड्यापाड्यांतले शेतकरी, अनवाणी पळणारे. शिकवणूक नाही, बूट नाहीत, घड्याळ लावून सराव करण्याची रीत ठाऊक नाही. तरी त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले आणि हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवायचाच, असे त्यांनी मनावर घेतले. 1920 साली बेल्जममधल्या अँटवर्प येथे मॅरेथॉन झाली. त्या वर्षी तिचे अंतर नेहमीपेक्षा जास्त होते, 42 किलोमीटर 750 मीटर. बेळगावचे फडेप्पा चौगुले तीत 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत एकोणिसावे आले. साताऱ्याचे सदाशिव दातारही त्याच शर्यतीत उतरले होते. त्यांना ती पुरी करता आली नाही. जिंकला फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन, 2 तास 32 मिनिटांत.

या शर्यतीचे कौतुक आपण करतो ते योग्यच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली दुसरी बाजू पाहा. त्या काळच्या धावपटूला आजारपणानंतर सराव कसा बेतावा हे सांगणारे कोणीच नव्हते. शेतकऱ्याच्या बाबतीत ते काम शेतच करी. ताप उतरला की पहिल्या दिवशी तो गुरांकडे नजर टाकी, दुसऱ्या दिवशी बांधावर जाई, मग खुरपे हातात घेई, आणि नांगराला हात घालायला पंधरा दिवस उलटून जात. हे हळूहळू चढत जाणे त्याच्या रोजच्या कामातच बसलेले होते. पुढे धावणे हा कामापासून वेगळा उद्योग झाला आणि ही पायरी हरवली. आजचा पोरगा तापातून उठतो तो थेट घड्याळ हातात घेऊन पळत सुटतो.

आता इस्पितळाकडे वळू. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात डॉक्टरांचा भर निजवण्यावर होता. बाळंतीण असो, हृदयाचा रोगी असो, तापाचा असो, आठवडेच्या आठवडे खाट सोडायची नाही. 1947 साली रिचर्ड ॲशर नावाच्या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात या पद्धतीवर एक खरमरीत लेख लिहिला. अंथरुणात पडून राहण्याचे धोके हाच त्याचा विषय. रक्ताच्या गुठळ्या होतात, स्नायू झडतात, हाडे पोकळ होतात, मन खचते, असे त्याने एकामागून एक मांडले.

पण याचा चोख हिशेब लागला तो 1966 साली, अमेरिकेत डल्लास येथे. पाच तरुण घेतले, सगळे वीस वर्षांचे, निरोगी. त्यांना तीन आठवडे खाटेवर निजवून ठेवले. आजार नाही, ताप नाही, नुसते निजणे. तीन आठवड्यांनी त्यांची दम टिकवण्याची ताकद, म्हणजे पळताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते ते माप, चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरले होते. मग सुमारे आठ आठवडे त्यांच्याकडून पद्धतशीर व्यायाम करून घेतला, तेव्हा ती भरून आली. यातले दोघे आधीपासून खेळणारे होते. त्यांना आपल्या मूळच्या पातळीवर यायला बाकीच्या तिघांपेक्षा जास्त दिवस लागले. ज्याची इमारत उंच, त्याला पडझड भरून काढायला वेळही जास्त, हे उघडच आहे. तीस वर्षांनी, 1996 साली, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. ते पन्नाशीला आले होते. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची ताकद जेवढी गेली होती, त्याहून जास्त ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांत गेली होती!

शिक्षक बंधू-भगिनींनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. दहा दिवस तापाने पडलेला मुलगा पहिल्याच दिवशी मैदानावर धापा टाकू लागला, तर तो आळशी झालेला नसतो, की त्याचे मन उडालेले नसते. निजून राहिल्याने रक्तातला पाण्याचा अंश पहिल्या काही दिवसांतच कमी होतो. मग तेवढेच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. त्यात ताप म्हणजे निजण्यापेक्षा दुप्पट मार, कारण अन्न कमी, घाम जास्त आणि स्नायूंची झीज. हिवताप असेल तर आणखी एक भर पडते. त्याचे जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतात. प्राणवायू वाहून नेणाऱ्या गाड्याच कमी झाल्या, तर पळणाऱ्याला दम कुठून पुरणार?

येथे एका मोठ्या धावपटूची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिने जगभर बरेच नुकसानही केले आहे. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. 1950 च्या उन्हाळ्यात, ब्रसेल्सच्या युरोपीय स्पर्धेच्या तोंडावर, बाधलेल्या अन्नाने तो इस्पितळात दाखल झाला. सुमारे दोन आठवडे सराव बंद. स्पर्धेच्या अगदी आधी तो बाहेर आला, आणि 10,000 मीटर त्याने दुसऱ्याला एका मिनिटाहून जास्त मागे टाकून जिंकले. 5,000 मीटरही जिंकले. पुढे 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकच्या दोन-तीन महिने आधी तो पुन्हा आजारी पडला. डॉक्टरांनी स्पर्धेला मनाई केली. त्याने ती जुमानली नाही, आणि 5,000, 10,000 व मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके घेऊन आला. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता.

या गोष्टीतून लोकांनी दोन धडे काढले. प्रशिक्षकांनी काढला तो बरोबर होता. झाटोपेक आजारापूर्वी एका दिवसात चारशे मीटरच्या कित्येक दौडी काढी, कधी साठसुद्धा. एवढ्या कष्टाने दमलेल्या शरीराला सक्तीची विश्रांती मिळाली, आणि आधी केलेल्या कष्टाचे फळ वर आले. म्हणून मोठ्या शर्यतीआधी सराव कमी करावा, ही रीत पक्की झाली. पण तरुण पोरांनी दुसराच धडा घेतला. डॉक्टर म्हणतात म्हणून थांबायचे नाही, खरा मर्द आजारात पळतो. ज्यांनी असे केले आणि जिंकले त्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात. ज्यांनी असे केले आणि जे बिछान्यालाच खिळले, त्यांची नावे कोण छापतो?

स्वीडन देशाने मात्र ती मोजली. तेथे एक खेळ फार लोकप्रिय आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलातून पळायचे, खुणेची ठिकाणे शोधत शेवटास जायचे. हे धावपटू दमाला फार चिवट. 1979 ते 1992 या काळात त्यांच्यापैकी 16 तरुण अचानक हृदय बंद पडून मृत्यू पावले. त्यांतले बरेचसे शेवटच्या तीन-चार वर्षांतले. शवविच्छेदनात अनेकांच्या हृदयाच्या स्नायूला दाह झालेला आढळला. असा दाह पुष्कळदा साध्या वाटणाऱ्या संसर्गातून होतो. घसा दुखतो, अंग मोडून येते, थोडा ताप असतो. आणि तशातच माणूस जीव तोडून पळाला तर हृदयावर बेतते. 1992 च्या अखेरीस तेथल्या लोकांनी धाडसी निर्णय घेतला. वरच्या दर्जाच्या धावपटूंचा सराव आणि स्पर्धा काही महिने थांबवल्या, आणि संसर्ग असताना जोराचा सराव करायचा नाही अशी सक्त ताकीद देशभर दिली. पुढच्या वर्षांत ती मृत्यूंची मालिका थांबली. एवढ्याने सगळे कारण सिद्ध झाले असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. परंतु तापात पळू नये हे सांगायला यापेक्षा आणखी कुठला दाखला हवा?

आता आपल्या मातीतल्या माणसाकडे येऊ. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथे 1994 साली अविनाश साबळे जन्मला. घर शेतकऱ्याचे. शाळा लांब, सहा-एक किलोमीटरवर, आणि मुलगा चालत-पळत शाळेला जाई. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये गेला. सियाचिनच्या बर्फात राहिला, राजस्थानच्या वाळूत राहिला. धावण्याच्या खेळात तो 2015 साली, सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून आला. म्हणजे वीस वर्षे पूर्ण झाल्यावर. पुढे वजन वाढले, तेही प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली उतरवले, आणि 3,000 मीटर स्टीपलचेस ही शर्यत त्याने निवडली.

ही शर्यत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. साडेसात फेऱ्यांची धाव. तिच्यात 28 वेळा लाकडी अडथळे ओलांडायचे आणि 7 वेळा अडथळ्यावरून पाण्याच्या खड्ड्यात उडी घ्यायची. अडथळा पुरुषांसाठी 91 सेंटीमीटरहून थोडा उंच, आणि इतका भक्कम की धडकलात तर तो हलत नाही, माणूस पडतो. दम कमी असलेल्या माणसाचा पाय चौथ्या-पाचव्या फेरीनंतर उचलत नाही. म्हणून आजारातून उठलेल्याला ही शर्यत सपाट शर्यतीपेक्षा जास्त पारखून घेते.

2018 साली भुवनेश्वरला अविनाशने गोपाल सैनी यांचा 37 वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2019 साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत पोहोचला. मार्च 2021 मध्ये पतियाळा येथे त्याने 8 मिनिटे 20.20 सेकंदांची वेळ दिली. ऑलिंपिक त्याच जुलैत टोकियोला व्हायचे होते. आणि मग संकटे आली. लांब पल्ल्याच्या भारतीय धावपटूंचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव त्याच मार्च महिन्यात पतियाळाच्या क्रीडासंस्थेत मृतावस्थेत आढळले होते. पुढे देशभर कोविडची दुसरी लाट उसळली, आणि तिने अविनाशलाही गाठले. सराव तुटला. ऑलिंपिकला उरले होते अवघे काही आठवडे.

विचार करा, श्रोतेहो. पाच वर्षांनी आलेली स्पर्धा. कोविडमुळे ती आधीच एक वर्ष पुढे ढकलली गेली होती. आणि ऐन वेळी हाच रोग, ज्यात फुप्फुसे आणि कधी हृदयही सापडते. अशा वेळी गेलेले दिवस भरून काढावेत असे कोणाला वाटणार नाही? रोज दुप्पट पळून मागचा हिशेब चुकता करावा, असा मोह होतोच. पण धावण्याच्या सरावाचा हिशेब सावकाराच्या वहीसारखा नसतो. चुकलेला हप्ता व्याजासकट भरायचा नसतो. चुकलेला दिवस सोडून द्यायचा असतो आणि आज शरीर जिथे आहे तिथून पुढे जायचे असते.

30 जुलै 2021 रोजी टोकियोत प्राथमिक फेरी झाली. अविनाशने 8 मिनिटे 18.12 सेकंदांची वेळ दिली. मार्चपेक्षा दोन सेकंदांनी चांगली, आणि नवा राष्ट्रीय विक्रम! तरी तो आपल्या गटात सातवा आला आणि अंतिम फेरी हुकली. त्याचा गट इतका वेगवान होता की इतर गटांतले त्याच्याहून मंद पळालेले काही जण अंतिम फेरीला गेले, आणि तो घरी आला.

या निकालाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. आजार नसता तर अंतिम फेरी मिळाली असती, असे हळहळता येते. मला मात्र त्या दोन सेकंदांचे महत्त्व जास्त वाटते. मार्चमध्ये जी ताकद होती ती आजाराने पुसली गेली नाही. सियाचिनपासून पाच-सहा वर्षे साठवलेला दम काही आठवड्यांच्या खंडाने जात नाही. वरचा थर उडतो, पाया राहतो. नवख्या पोराच्या बाबतीत हे तितके खरे नाही. तीन महिन्यांच्या सरावावर उभा असलेला मुलगा दहा दिवस पडला, तर त्याचे बरेचसे जाते. त्याने अविनाशच्या हिशेबाने परत फिरू नये.

पुढच्या वर्षी काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अविनाश 8 मिनिटे 11.20 सेकंदांत दुसरा आला. केनियाचा अब्राहम किबिवोट त्याच्यापुढे होता फक्त पाच शतांश सेकंदांनी. कित्येक स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचेच धावपटू नेत आले होते. तो गड एका बीडच्या पोराने फोडला. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. 2024 मध्ये पॅरिसला त्याने 8 मिनिटे 9.91 सेकंदांची वेळ दिली आणि त्याच गावी महिन्याभराने ऑलिंपिकची अंतिम फेरीही गाठली. टोकियोत हुकलेली फेरी मिळायला तीन वर्षे गेली. आजारातून उठल्यावर ज्याने घाई करून शरीर मोडून घेतले असते, त्याला ती तीन वर्षे कामी आली नसती.

असो. आता हे सारे आपल्या गावच्या पोरांना लागू कसे करायचे?

सगळ्यांत आधी, अंगात ताप असताना पळणे नाही. काही प्रशिक्षक मानेची खूण सांगतात. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नुसते नाक वाहते आहे, शिंका येतात, तर हलके चालणे-पळणे चालते. त्रास मानेच्या खाली असेल, छातीत कफ, अंगदुखी, जुलाब, थंडी वाजणे, तर थांबायचे. ही खूण ढोबळ आहे, पण गावात डॉक्टर हाताशी नसताना उपयोगी पडते. कोविडनंतर, 2020 साली, इंग्लंडमधल्या क्रीडावैद्यांनी खेळाडूंसाठी जो नियम सुचवला होता, त्यात कमीत कमी दहा दिवस विश्रांती आणि त्यांतले शेवटचे सात दिवस कुठलेही लक्षण नसलेले, अशी अट घातली होती. शिवाय औषध चालू असेल ते ताप दाबण्याचे नसावे. गोळीने उतरलेला ताप हा उतरलेला ताप नव्हे.

बळ मोजायचे कसे? त्याला यंत्र लागत नाही. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटाची नाडी एक मिनिट मोजायची. निरोगी असतानाचा आकडा पोराला ठाऊक असेल तर उत्तम. म्हणून शाळेत सराव सुरू करतानाच तो प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवावा. ज्याची नाडी एरवी साठ-बासष्ट असते तिची आजारानंतर ऐंशी भरत असेल, तर ते हृदय अजून तापाचे देणे फेडत आहे. आकडा खाली येऊन आपल्या जागी बसला, भूक लागली, झोप पुरी झाली, जिना किंवा टेकाड चढताना छाती भरून येईनाशी झाली, की मग पहिला दिवस. आणि तो पहिला दिवस पळण्याचा नव्हे, चालण्याचा. वीस-पंचवीस मिनिटे. दुसऱ्या दिवशी नाडी पुन्हा पाहायची. वाढली नसेल तर चालणे आणि मधून मधून हलकी दौड. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकीच हलकी. मग अंतर वाढवायचे. वेग मात्र सगळ्यांत शेवटी, बरं का. आपली पोरे नेमके उलटे करतात. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून आपला जुना आकडा येतो का ते पाहतात.

आजाराआजारांत फरक आहे. सर्दीचे काम तीन-चार दिवसांत आटोपते. हिवतापात पानथरी सुजते, पोटात डाव्या बाजूला बरगडीखाली. ती सुजलेली असताना उड्या, कबड्डी, धडपडीचे खेळ अगदी टाळावेत, कारण मार बसून ती फुटू शकते. टायफॉइडमध्ये आतड्याला जखमा असतात. तेथे डॉक्टर सांगतील तेवढे आठवडे गप्प बसणे आलेच. डेंगीतला अशक्तपणा ताप गेल्यावरही फसवतो. काविळीत तर यकृताचा अंदाज रक्त तपासल्याशिवाय लागत नाही. आणि पळताना छातीत दुखले, ठोका चुकल्यासारखा वाटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. उद्या पाहू म्हणायचे नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्यापुरती खास सांगितली पाहिजे. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. ज्याला आई-बाप दोघांकडून हा दोष मिळतो, त्याला दुखणे लहानपणापासून कळते. पण ज्याला एकाकडूनच मिळतो, तो वाहक; तो धडधाकट असतो, पळतो, कुस्ती खेळतो, आणि त्याला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. अमेरिकेच्या सैन्यात याचा अभ्यास झाला. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे निघाले, की भरतीच्या शिक्षणात काळ्या वर्णाच्या वाहक तरुणांचे अचानक मृत्यू, त्याच समाजातल्या वाहक नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे 28 पट होते. मग सैन्याने सर्वांसाठीच नियम केले. उन्हाच्या मापाने काम, ठराविक वेळाने पाणी आणि विश्रांती, आणि नव्या माणसाला हळूहळू चढवत नेणे. 2016 साली सुमारे 48,000 सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त नव्हते. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र त्यांना दीडपट होता. म्हणजे वाहकाने पळू नये असे नाही. त्याने तहानलेले, तापातून नुकते उठलेले, भर उन्हात, एका दमात जीव तोडून पळू नये. आजारपणात शरीरातले पाणी आधीच आटलेले असते, म्हणून तापानंतरचा पहिला पंधरवडा त्याच्यासाठी विशेष जपण्याचा. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. क्रॉसकंट्रीचा संघ निवडण्यापूर्वी मास्तरांनी सगळ्या मुलांची ती करवून घ्यावी, आणि कोण वाहक निघाला याचा गावभर बोभाटा मात्र होऊ देऊ नये.

राहता राहिली भरतीची तारीख. येथे उपदेश करणे सोपे आणि पोराच्या जागी उभे राहणे अवघड आहे, हे मी जाणतो. शाळेची शर्यत हुकली तर पुढच्या वर्षी येते. भरती हुकली तर घरची दोन वर्षांची आशा जाते, वयाची अट जवळ येते. तरीसुद्धा 2014 चा जून महिना विसरता येत नाही. मुंबईत पोलीस भरतीची 5 किलोमीटरची धाव चालू असताना, उकाड्यात, काही उमेदवार कोसळले आणि प्राणांस मुकले. खेड्यापाड्यांतून आलेली, घरच्यांना आधार देऊ पाहणारी पोरे होती ती. पुढे सरकारने त्या धावेचे अंतर कमी केले. भरतीच्या मैदानावर माणूस आपल्या ताकदीच्या अगदी काठापर्यंत जातो. तापाने तो काठ अलीकडे सरकवलेला असेल, तर पळणाऱ्याला ते कळत नाही.

म्हणून तारीख हाती पडली की मागून मोजायला लागावे. ताप उतरून, नाडी जागेवर येऊन तीन आठवडे मिळत असतील, तर पहिला आठवडा चालण्या-हलक्या दौडीचा, दुसरा अंतराचा, आणि तिसऱ्यात दोनदाच जोर लावायचा, शेवटचे तीन दिवस जवळजवळ मोकळे ठेवायचे. दहाच दिवस उरले असतील तर वेग मिळवण्याचा नाद सोडावा. अंगात जे शिल्लक आहे तेवढे घेऊन जावे, आणि गोळाफेकीचे गुण, लेखी परीक्षेचे गुण यांवर लक्ष द्यावे. तारीख आणि ताप एकाच आठवड्यात आले, तर डॉक्टरांचा दाखला घेऊन मैदानावरच्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा, आणि तो पोराच्या हाती न देता मास्तरांनी किंवा घरच्या वडीलधाऱ्या माणसाने स्वतः सोबत जाऊन द्यावा.